जिथे जन्मायला आणि मरायला बंदी होती

 

आज आम्ही तिघी मिळून बोलणार आहोत. एक प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एक उपकेंद्रात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सबाई आणि एक गटाचं दप्तर सांभाळणारी. पैसे साठवून साठवून आम्ही ग्रीस देशाच्या सहलीला जाऊन आलो. परत आल्यावर जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? पाहिलं पुष्कळ. पण तिघींच्या मनात एकच जागा घर करून राहिली आहे, तीच आज सांगतो. ते आहे एक बेट. नाव डीलॉस. आज तिथे गाव नाही, घर नाही, चूल नाही. आणि सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी त्याच बेटावर असा हुकूम निघाला होता, की इथे कुणी जन्मायचं नाही आणि इथे कुणी मरायचं नाही.

ऐकायला गोष्टीतलं वाटतं ना? पण हे खरं घडलेलं आहे. त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलेलं आहे.

आधी जागा कुठे ते सांगतो. ग्रीस देशाच्या आग्नेयेला एजियन समुद्र आहे. त्यात लहानमोठी बेटं विखुरलेली आहेत, पाट्यावर तांदूळ सांडावेत तशी. त्यातल्या मिकोनोस नावाच्या बेटावर पर्यटकांची मोठी गर्दी असते. तिथून लाँचने साधारण अर्ध्या तासात डीलॉसला पोचतो. पण वारा नसेल तरच्या गोष्टी. उत्तरेकडून तिथे फार जोराचा वारा सुटतो, आणि तो सुटला की लाँच बंद. आपल्याकडे पावसाळ्यात तरीची होडी बंद होते, तसंच.

बेट अगदी लहान. उत्तर-दक्षिण लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी सव्वा किलोमीटरच्या जवळपास. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं मिळून साडेआठशे एकरांच्या आसपास. आपल्याकडची एखादी मध्यम शिवारंसुद्धा याहून मोठी असतात. मधे किंथोस नावाची टेकडी, उंची जेमतेम ११२ मीटर. जमीन म्हणजे कातळ. सावलीला झाड शोधावं लागतं. आम्ही गेलो ते वसंताचे दिवस होते, म्हणून दगडांच्या फटीतून लाल खसखशीची फुलं आणि पिवळी रानफुलं उगवलेली होती. पायाखालून सरडे पळत होते. बाकी नजर जाईल तिकडे पडके खांब, घरांची जोती, दगडी रस्ते. डोक्याला टोपी किंवा पदर आणि हातात पाण्याची बाटली, यांच्याशिवाय तिथे जाऊच नये.

तिथे रात्री राहायला परवानगी नाही. दुपारनंतर लाँच सगळ्यांना परत घेऊन येते. मागे राहतात ते पहारेकरी आणि उत्खनन करणारे अभ्यासक. सुमारे दीडशे वर्षांपासून फ्रेंच संशोधक तिथे खोदकाम करत आहेत. १९९० साली युनेस्कोने हे बेट जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एवढ्याशा कातळाला एवढा मान का? तर त्याच्या मागे एका बाळंतिणीची कथा आहे.

ग्रीक लोकांची जुनी कथा अशी. लेटो नावाची एक देवी. तिला देवांचा राजा झ्यूस याच्यापासून दिवस गेले. झ्यूसची बायको हेरा, तिचा राग झ्यूसवर निघायचा तो निघाला लेटोवर. हेराच्या धाकाने कुठलीच भूमी लेटोला बाळंतपणाला जागा देईना. दिवस भरलेली बाई गावोगाव, बेटोबेट फिरली. शेवटी डीलॉसने तिला आसरा दिला. कारण डीलॉसकडे गमवायला काही नव्हतंच. पीक नाही, गुरं नाहीत, नुसता खडक. त्याने फक्त एवढंच मागितलं, की तुझ्या मुलाचं देऊळ इथे होऊ दे.

लेटोच्या कळा नऊ दिवस नऊ रात्री चालल्या. कारण प्रसूतीची जी देवी, एलिथिया तिचं नाव, तिला हेराने अडकवून ठेवलं होतं. सुईणच येऊ दिली नाही म्हणा ना! इतर देवींनी मग गळ्यातल्या सुंदर माळेचं आमिष पाठवून तिला बोलावून घेतलं. ती आली, लेटोने ताडासारख्या झाडाला मिठी घातली, गुडघे टेकले आणि मूल झालं. तो अपोलो. ग्रीकांचा प्रकाशाचा, गाण्याचा, भविष्य सांगणारा देव. त्याची जुळी बहीण आर्टेमिस, रानाची आणि शिकारीची देवी. बायका बाळंतपणात तिचाही धावा करायच्या.

ही कथा ऐकताना आमच्या नर्सबाई म्हणाल्या, "नऊ दिवस कळा आणि सुईण येऊ देत नाहीत. देवीची कथा म्हणून सांगतात, पण ही कथा रचणाऱ्याने बाळंतपण जवळून पाहिलेलं असणार."

त्या झाडाच्या जागी पूर्वी एक छोटं तळं होतं. पवित्र मानलेलं. १९२५च्या सुमारास तिथे डास झाले, हिवताप पसरायला लागला, म्हणून ते बुजवून टाकलं. आता मधोमध एक खजुराचं झाड लावलेलं आहे, लेटोची आठवण म्हणून. त्याच्याकडे तोंड करून दगडी सिंहांची रांग बसलेली आहे. अंगाने सडपातळ, तोंड उघडलेले. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी शेजारच्या नाक्सोस बेटावरच्या लोकांनी ते संगमरवराचे करून वाहिले होते. उघड्यावर वाऱ्याने झिजायला लागले म्हणून खरे सिंह आता आत संग्रहालयात ठेवले आहेत, बाहेर त्यांच्या प्रतिकृती आहेत.

तर हे बेट कशामुळे मोठं झालं? एका अडलेल्या बाईला जागा दिली म्हणून. आता पुढचं ऐका.

इसवी सनापूर्वी ४७८ मध्ये अथेन्स आणि इतर ग्रीक शहरांनी मिळून एक संघ केला. त्या संघाचा खजिना ठेवला डीलॉसच्या देवळात. पुढे ४५४ मध्ये अथेन्सने तो खजिना आपल्याकडे उचलून नेला. गटाची पेटी एकीच्या घरी नेऊन ठेवली आणि किल्लीही तिनेच ठेवली, तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. संघ नावाला उरला, सत्ता अथेन्सची झाली. आणि मग डीलॉसवरही अथेन्सची इच्छा चालायला लागली.

इसवी सनापूर्वी ४२६ मध्ये अथेन्सने ठरवलं, की देवाचं बेट शुद्ध करायचं. देववाणी झाली असं कारण सांगितलं गेलं. त्याआधीची काही वर्षं अथेन्समध्ये भयंकर साथ चालू होती, स्पार्टाशी लढाई चालू होती, लोक घाबरलेले होते. थ्युसिडिडीज नावाचा इतिहासकार त्याच काळात होऊन गेला. तो लिहितो, की बेटावरच्या सगळ्या कबरी उकरल्या आणि त्यातली हाडं, भांडी, वस्तू हलवल्या. आणि हुकूम काढला, की यापुढे या बेटावर कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंत व्हायचं नाही. मरायला टेकलेल्यांना आणि दिवस भरलेल्या बायकांना समोरच्या रिनिया बेटावर न्यायचं.

रिनिया म्हणजे अगदी समोर. मधे समुद्राचा अरुंद पट्टा. किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचे दगड दिसतात. इतकं जवळ, की त्याआधी पॉलिक्रेटिस नावाच्या एका राजाने रिनिया बेट साखळीने डीलॉसला बांधून देवाला वाहिलं होतं. पुढे पलीकडच्या बेटावर एक मोठा खड्डाही सापडला. त्यात हलवलेल्या कबरींतली हाडं आणि भांडी होती. ती भांडी आता मिकोनोसच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे हुकूम नुसता लिहिण्यापुरता नव्हता, अंमलात आला होता.

आम्ही तिघी किनाऱ्यावर उभ्या राहून तो पट्टा बघत होतो. अंतर थोडं, पण वारा असा की ओढणी हातात राहीना. नर्सबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कळा सुरू झालेल्या बाईला अर्धा किलोमीटर पाणी म्हणजे किती, ते मला विचारा."

त्यांनी पावसाळ्यात ओढा ओलांडून झोळीतून आणलेल्या बायका पाहिल्या आहेत. कुणाला कांबळ्याच्या झोळीत घालून चार माणसांनी उचलून आणलेलं, कुणाचं मूल वाटेतच झालेलं. त्यांना त्या बेटावरची बाई लगेच दिसली. पहिलटकरीण असेल. आई, सासू बरोबर असेल किंवा नसेल. वारा सुटलेला, होडीवाला म्हणतोय आज नाही जाणार, आणि मागून देवळाचे लोक म्हणतायत इथे नाही चालणार. त्या बाईंचं काय झालं, त्या इतिहासात नाहीत. हुकूम काढणाऱ्यांचा इतिहास आहे.

मैत्रिणींनो, हे आम्हाला फार लागलं. ज्या बेटाचं नाव एका बाळंतिणीमुळे झालं, त्याच बेटावर पुढे बाळंतीण विटाळाची ठरली. देवीची प्रसूती पवित्र, त्याच किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या बायकोची प्रसूती अपवित्र. देव जन्मला त्याचा उत्सव, आणि माणूस जन्मलं तर दोष!

आणि गोष्ट इथेही थांबली नाही. चार वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४२२ मध्ये, अथेन्सने म्हटलं, की हे लोकच मुळात शुद्ध नाहीत. मग बेटावरच्या सगळ्या रहिवाशांना बाहेर काढलं. ते समुद्रापलीकडे आशियाच्या किनाऱ्यावर गेले. पुढच्या वर्षी त्यांना परत येऊ दिलं. पण क्रम बघा. आधी मेलेल्यांना हलवलं, मग बाळंतिणींना, मग सगळ्या गावाला. ज्यांचे पूर्वज तिथे पुरलेले नाहीत, ज्यांची मुलं तिथे जन्मलेली नाहीत, त्यांना "ही जमीन आमची" असं म्हणायला पुरावा काय उरतो? विटाळाची भाषा बाईपासून सुरू होते, पण ती बाईपाशीच थांबते असं नाही.

एक गंमत मात्र सांगतो. त्या शुद्धीकरणात काही कबरींना हात लावला नाही. दूर उत्तरेकडच्या देशातून मुली देवाला भेटी घेऊन आल्या होत्या आणि इथेच वारल्या, अशी तिथली श्रद्धा होती. हिरोडोटस या जुन्या लेखकाने लिहून ठेवलं आहे, की डीलॉसच्या मुली लग्नाआधी केसांची एक बट कापायच्या, सूत कातायच्या टकळीला गुंडाळायच्या आणि त्या मुलींच्या समाधीवर ठेवायच्या. माहेर सोडून दूर आलेल्या आणि परत न गेलेल्या मुलींची समाधी, आणि लग्न होऊन जाणाऱ्या मुलीच्या केसांची बट. बायकांनी बायकांची आठवण कशी धरून ठेवली बघा.

पुढे तीनशे वर्षांत काळ पालटला. इसवी सनापूर्वी १६६च्या सुमारास रोमने डीलॉस पुन्हा अथेन्सच्या ताब्यात दिलं आणि बंदरावरची जकात माफ केली. तिथल्या मूळ लोकांना पुन्हा एकदा घालवून दिलं. जकात नाही म्हटल्यावर व्यापारी धावले. इटली, इजिप्त, सीरिया सगळीकडून. एवढ्याशा कातळावर हजारो माणसांचं शहर वसलं. प्रत्येकाने आपापला देव आणला. टेकडीच्या उतारावर इजिप्तच्या इसिस देवीचं देऊळ आहे. मूर्तीचं डोकं नाही, पण ती उभी आहे. इसिस ही खलाशांची राखण करणारी, आणि बायकांच्या फार जवळची.

व्यापार कशाचा होता? धान्य, दारू, तेल, अत्तरं. आणि माणसं. स्ट्रेबो नावाच्या लेखकाने लिहिलं आहे, की या बंदरात एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून घेऊन तितकेच पाठवता येत. त्यात बायका होत्या, मुलं होती. जन्माला बंदी असलेल्या पवित्र भूमीवर माणसांच्या विक्रीला बंदी नव्हती. हे ऐकून आमची हिशेबनीस म्हणाली, "शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे ठरवणाऱ्याला त्यात फायदा कुणाचा ते आधी विचारायला पाहिजे."

आता थोडं घरांबद्दल, कारण ती बघून आम्हाला खरंच आनंद झाला. श्रीमंतांची घरं आपल्या जुन्या वाड्यांसारखी. मधे चौक, भोवती खांब आणि खोल्या. चौकाची फरशी रंगीत दगडांच्या तुकड्यांची. एका घरात डॉल्फिन मासे, दुसऱ्या घरात चित्त्यासारख्या जनावरावर बसलेला डायोनायसस देव. आणि त्या फरशीखाली पाण्याचं टाकं! बेटावर नदी नाही, नावाला एक ओहोळ. म्हणून छपराचं पाणी चौकात, आणि चौकाचं पाणी खालच्या टाक्यात. तिथलं नाट्यगृह तर साडेपाच हजार माणसं बसतील एवढं. त्याच्या दगडी पायऱ्यांवर पडलेलं पावसाचं पाणी वाहून एका भल्यामोठ्या टाक्यात जायचं. त्या टाक्यावरच्या दगडी कमानी आजही उभ्या आहेत. पावसाचा थेंब वाया घालवायचा नाही, हे त्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी घर बांधतानाच ठरवलं होतं. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अशाच एका घरात दोन पुतळे आहेत, नवरा आणि बायको. दोघांचीही डोकी गेलेली. पण खाली कोरलेला मजकूर शाबूत आहे. बाईचं नाव क्लिओपात्रा. ती इजिप्तची राणी नव्हे, ही अथेन्सची एक गृहिणी, त्या राणीच्या आधीची. नवऱ्याने देवळात चांदीच्या दोन तिवया वाहिल्या, त्याची आठवण म्हणून तिने इसवी सनापूर्वी १३८च्या सुमारास हा पुतळा उभा केला. नवऱ्याचा मान तिने दाराशी उभा केला, पण शेजारी स्वतःही उभी राहिली. पदर अंगाभोवती घट्ट घेतलेला. आम्ही तिच्याशेजारी थोडा वेळ थांबलो.

आणखी एका बाईचं नाव सांगायला हवं. निकांद्रे. नाक्सोस बेटावरची. इसवी सनापूर्वी ६५०च्या सुमारास तिने आर्टेमिस देवीला डीलॉसवर बाईमाणसाचा एक पुतळा वाहिला. पूर्ण उंचीचा, संगमरवराचा. एवढ्या जुन्या मोठ्या ग्रीक दगडी पुतळ्यांत त्याची गणना होते. तो १८७८ मध्ये सापडला, आता अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर ती कुणाची मुलगी, कुणाची बहीण, कुणाची बायको, हे तिन्ही कोरलेलं आहे. पण सगळ्यांत आधी तिचं स्वतःचं नाव आहे. सव्वीसशे वर्षांनी लोक तो पुतळा निकांद्रेचा म्हणूनच ओळखतात. सातबारावर नाव लावून घ्यायला आपण किती खेटे घालतो, ते आठवून आम्ही तिघी हसलो.

मग हे शहर ओस कसं पडलं? इसवी सनापूर्वी ८८ मध्ये रोमशी वैर धरलेल्या मिथ्रिडेटिस राजाच्या फौजेने हल्ला केला. या बेटावर आणि आसपासच्या ठाण्यांवर मिळून २०,००० माणसं मारली गेली, असं जुना इतिहासकार लिहितो. बायकामुलांना गुलाम करून नेलं. ज्या भूमीवर मरायला बंदी, तिथे ही कत्तल झाली. तटबंदीही नव्हती, कारण देवाच्या बेटाला कोण हात लावणार अशी समजूत. इसवी सनापूर्वी ६९ मध्ये चाच्यांनी पुन्हा लुटलं. व्यापाराचे मार्गही बदलले. पुढे वस्ती विरळ होत गेली, आणि शेवटी सरडे आणि फुलं तेवढी उरली. आता समुद्रही वर चढतो आहे. जुन्या गोदामांच्या काही भिंती पाण्याखाली गेल्या आहेत.

मैत्रिणींनो, इतकं सगळं का सांगितलं? आपल्याकडेही दिवस भरलेल्या बाईला घरापासून हलवतात. दुर्गम आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ "माहेरघर" असतं. तारीख जवळ आली की बाई आधीच तिथे येऊन राहते, म्हणजे ऐनवेळी ओढा, रस्ता, वाहन आडवं येत नाही. डीलॉसवरही बाईला हलवत होते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. पण एका ठिकाणी बाईचा जीव वाचावा म्हणून हलवतात, दुसऱ्या ठिकाणी जागा विटाळू नये म्हणून. नर्सबाईंनी आम्हाला हा फरक लाँचमध्ये बसल्या बसल्या सांगितला, आणि आम्हाला वाटतं, सहलीतून आणलेली सगळ्यांत मोलाची वस्तू हीच.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दहा मिनिटं यावर बोला. आपल्या घरात, गावात बाईला बाजूला बसवतात, उठवतात, हलवतात, ते कुणासाठी? तिच्या विश्रांतीसाठी, की इतरांच्या सोवळ्यासाठी? विश्रांतीसाठी असेल तर तिला विचारून करतात का? तिथे अंथरूण, पाणी, सोबत आहे का? आणि गटातल्या कुणाच्या सुनेचे, लेकीचे दिवस भरत आले असतील, तर रात्री वाहन कुणाचं, बरोबर कोण जाणार, हे आजच ठरवून वहीत लिहून ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर नाही, आज.

आणि आणखी एक. आजीला, आत्याला, सासूबाईंना विचारा, त्यांची बाळंतपणं कुठे झाली, कोण होतं जवळ. ते लिहून काढा. डीलॉसहून रिनियाला गेलेल्या बायकांपैकी एकीचंही नाव आज कुणाला सांगता येत नाही. आपल्या गावाचं तसं व्हायला नको.

तुमच्या बैठकीत काय बोलणं झालं, ते केंद्रावर पत्राने नाहीतर फोनने जरूर कळवा. आम्ही तिघी वाट बघतो. नमस्कार.